बारीक धार

फेब्रुवारी २०२१. डॅलसमध्ये पारा उणे १९ अंशांवर उतरला होता. टेक्सासमधली घरं बांधताना धास्ती असते ती उन्हाळ्याची. पाण्याचे पाइप माळ्यावरून, छपराला लागून उघडेच गेलेले. त्यात वीज गेली आणि घर तापवणारी यंत्रणाही बंद पडली.

झोपण्याआधी मुलाने स्वयंपाकघरातला नळ बारीक धारेवर सोडला, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली. “आई, नळ असाच राहू दे हं,” एवढंच म्हणाला.

आई लातूरची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तो उन्हाळा तिने घागरी मोजत काढलेला. भाजी धुतलेलं पाणीही तिने कधी मोरीत जाऊ दिलं नाही. गोधडीत पडल्या पडल्या तिला ती धार ऐकू येत राहिली. कूस बदलली, कानावर पदर घेतला. शेवटी दोन वाजता उठली, नळ घट्ट पिळला, तेव्हा कुठे तिचा डोळा लागला.

सकाळी नळ कोरडा. दोन दिवसांनी ऊन पडलं, पाइपमधला बर्फ वितळला आणि हॉलच्या छतातून पाणी कोसळायला लागलं. मुलाने अंगणातल्या मीटरच्या खड्ड्यातला मुख्य व्हॉल्व्ह फिरवेपर्यंत गालिचा, गाद्या, पुस्तकं सगळं भिजलं होतं.

“नळ मी बंद केला रे,” आई रडत म्हणाली. “किती घागरी गेल्या!”

“चूक माझी आहे. नळ राहू दे म्हणालो, पण का ते सांगितलंच नाही.” त्याने पाइपचा चिरलेला तुकडा तिच्या हातात दिला. “पाणी गोठलं की साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. एकीकडे बर्फाचं बूच, दुसरीकडे बंद नळ. मधल्या पाण्याने जायचं कुठे? दाब वाढत जातो आणि पाइप फाटतो. नळ जरा उघडा असला, की दाबाला वाट मिळते.”

आईने त्या चिरेवरून बोट फिरवलं.

“मग खाली बादली का नाही ठेवलीस?”

त्याला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या थंडीत गोठवणाऱ्या रात्रीचा इशारा आला, तेव्हा मुलगा नळ सोडायला उठला. स्वयंपाकघरात धार आधीच सुरू होती. खाली बादली, शेजारी दोन रिकामी पातेली, आणि खुर्चीवर शाल पांघरून आई. बादली भरत आली तशी तिने ती बाजूला सरकवली आणि धारेखाली पातेलं धरलं.

सकाळी घरात आणून ठेवलेल्या तुळशीला तिने त्यातलंच तांब्याभर पाणी घातलं.