अनोळखी माणसाचे ऋण

कुटुंबे लहान झाली, नोकरीचे ठिकाण दूर गेले, दिवसाचे कित्येक तास प्रवासात सरू लागले. अशा समाजात परक्यासाठी वेळ काढणार कोण? स्वयंसेवेच्या भवितव्याचा हा प्रश्न आपण रक्तपेढीच्या दारात उभे राहून तपासून पाहू.

आपल्या देशात एके काळी रक्त विकले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. ब्रिटिश विचारवंत रिचर्ड टिटमस यांनी १९७० सालच्या आपल्या ग्रंथात या व्यवहारातील धोका दाखविला होता. पैशासाठी रक्त देणाऱ्याला आपला आजार लपविण्याचा मोह होतो. म्हणून दान हे विक्रीहून उदात्तच नव्हे, तर अधिक सुरक्षितही असते.

विक्री थांबली, पण देवघेवीची वृत्ती थांबली काय? घरचा माणूस रुग्णालयात असला की आपण धावतो. हे प्रेमच होय. त्याची थोरवी कमी नाही. परंतु ज्याच्यासाठी धावणारे कोणी नाही, त्याने काय करावे? थॅलेसेमिया झालेल्या बालकाला साधारणतः दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, तेही जन्मभर. त्याचे नातलग तरी किती वेळा पुरे पडणार?

येथे एका दिवसाचा उत्साह अपुरा ठरतो. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट अवघे पाच दिवस. वाढदिवसाच्या शिबिरात शंभर दाते आले आणि मे महिन्याच्या सुटीत एकही फिरकला नाही, तर त्या बालकाला शिबिराचा काय उपयोग? भेटवस्तू दिल्यास तरुण येतात, असे कोणी म्हणेल. येतीलही, पण भेटवस्तूसाठी आलेला तिच्याविना पुन्हा येईलच, याची शाश्वती कोण देणार?

बदलत्या समाजाकडे आपण आयुष्य वाहून घेणारे सेवक मोठ्या संख्येने मागू शकत नाही. मात्र निरोगी पुरुष दर तीन महिन्यांनी व स्त्री दर चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. लहानसे, पण न चुकणारे वचन व्यग्र माणसालाही पाळता येते. ज्याचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही, त्याच्यासाठी ते पाळणे, हीच नागरी समाजाची खरी कसोटी आहे. तेव्हा पुढील रक्तदानाची तारीख आपण आजच घरच्या दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवू या.