माणदेशात प्रभूचे गाणे

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, गुलाल-खोबरे उधळले जाते, ‘चांगभलं’चा गजर होतो. माणदेशी माणसाला भक्ती आधी कानांनी कळते: धनगरांचा गजी ढोल, हलगी, सनई, आषाढात पंढरीच्या वाटेवरचे टाळ. या मुलखातल्या ख्रिस्ती माणसाने प्रभूसमोर कोणत्या सुरात गावे, हा प्रश्न आवडीनिवडीपुरता नाही.

त्याचे एक मोठे उत्तर म्हसवडच्याच सातारा जिल्ह्यात दिले गेले. १९१७ साली रेव्हरंड ना. वा. टिळक मिशनचा पगार सोडून साताऱ्यात आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेऊन त्यांना बावीस वर्षे झाली होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी त्याआधीच ख्रिस्ती कीर्तन रुजवले होते. टिळकांच्या तीनशे वर्षे आधी फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण ओवीतच रचले होते. तरी मंडळीच्या नित्य उपासनेत भजन मुरवले ते टिळकांनी. परक्या चालीत मराठी शब्द बसवले की ऱ्हस्व-दीर्घ चेंगरतात. गाणारा शब्द उच्चारतो, पण तो त्याच्या तोंडचा राहत नाही. भजनात एकाने म्हणायचे, सर्वांनी धरायचे. पुस्तक वाचता न येणारी म्हातारीही दुसऱ्या फेरीला गाऊ लागते. टिळकांच्या निवडीचे मोल मला इथे दिसते. देशीपणाची शोभा ही त्यातली दुय्यम गोष्ट.

संगीताची धास्ती चर्चला पहिल्यापासून आहे. गाण्यातल्या आशयापेक्षा गळाच मन हलवतो तेव्हा आपण पाप करतो, असे ऑगस्टीनला वाटे. धर्मसुधारक झ्विंगलीने झुरिचच्या उपासनेतून संगीतच काढून टाकले. लूथरने १५२४ पासून गीतसंग्रह छापून ते लोकांच्या तोंडी दिले. मी लूथरच्या बाजूचा आहे. पण कीबोर्ड, ड्रम आणि मोठे स्पीकर लावून चौघे गातात आणि बाकीची मंडळी उभी राहून ऐकते, तेव्हा ऑगस्टीनची धास्ती मला खरी वाटते. दोष कीबोर्डचा नाही. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातले जुने गीतही एकट्या गायकाने मिरवले तर तेच होते.

खरी अवघड गोष्ट हलगीची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकांच्या स्वतःच्या संगीताला उपासनेत मान द्यायला सांगितले. पण गावाचे संगीत एक नसते. मातंग समाजासाठी हलगी वाजवणे ही गावकीने लादलेली सेवा होती. लग्नात, जत्रेत, मयतीत वाजवायचे आणि शिवाशिवीमुळे बाहेरच थांबायचे. अशा घरात हलगी खाली ठेवणे हीच सुटकेची पहिली खूण ठरू शकते. भजनाचाही इतिहास निर्मळ नाही: ज्या चोखोबांचे अभंग वारीत गायले जातात, त्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता आले नाही. म्हणून बाहेरच्या कोणी, मग तो पाळक असो की अभ्यासक, संस्कृतीच्या नावाने अशा घरातल्या माणसाच्या हाती पुन्हा हलगी देऊ नये. मूर्तीला वाहिलेल्या मांसाबद्दल करिंथकरांना लिहिताना पौलाने हेच धरले: खायला मोकळीक आहे, पण आपल्या मोकळिकीने दुर्बळ भावाचा विवेक दुखावता कामा नये.

मात्र त्याच घरातल्या नातवाने आपण होऊन हलगी उचलली, तर ‘हे जत्रेचे वाद्य’ म्हणून त्याला दाराशी अडवण्याचा अधिकार मंडळीला नाही. दीडशेव्या स्तोत्रात डफ आहे, मोठ्याने वाजणाऱ्या झांजाही आहेत. त्याच्या हलगीला नाताळच्या मिरवणुकीपुरते बोलावणेही पुरेसे नाही. रविवारी पेटी-तबल्याच्या शेजारी तिची जागा हवी, शनिवारच्या सरावात त्याचा ठेका बाकीच्यांनी शिकायला हवा, आणि कुठल्या गीताला तो चालेल हे ठरवताना त्याचा शब्द आधी विचारायला हवा.