हट्टी रबर

गावाकडच्या आठवडी बाजारात कुठेतरी कडेला टायरच्या चपला मांडलेल्या असतात. काळ्या, जाड, दिसायला ओबडधोबड. शहरातून आलेला माणूस त्यांच्याकडे वळूनही बघत नाही. रोज शेतात जाणारा मात्र एक जोड उचलतो, अंगठ्याने तळ दाबून पाहतो आणि भाव करायला उकिडवा बसतो. त्याला ठाऊक असतं, बाभळीचा काटा या तळातून सहसा वर येत नाही. कोल्हापुरी वापरणारेसुद्धा तळ झिजला की दुरुस्तीवाल्याला सांगतात, "दादा, खाली टायर लावून द्या."

खरं तर जुन्या टायरएवढी अवघड अडगळ नाही. पडून राहिला तर पावसाचं पाणी साठून डास होतात. जाळावा तर काळा धूर. वितळवून नवीन काही ओतावं, तर तेही जमत नाही. त्याचं असं आहे: मुळात कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक पडायचं. 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना त्यात गंधक मिसळून तापवण्याची युक्ती सापडली. गंधकामुळे रबराच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना पक्क्या बांधल्या जातात. म्हणून टायर ऊन, पाऊस, खडी सगळं सोसतो. आणि म्हणूनच तो पुन्हा वितळत नाही. गुण आणि खोड एकाच गाठीत!

टायरच्या चपला करणारे कारागीर ही गाठ सोडवायच्या फंदात पडत नाहीत. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांशी लढाई चालू होती, त्या काळात तिथले सैनिक अशाच चपला घालून डोंगर-चिखल तुडवत. त्यांचे नेते हो ची मिन्ह यांच्याही पायात त्याच असत. या चपलांची घडण बघण्यासारखी आहे. तळ टायरचा, पट्टे आतल्या ट्यूबचे. तळाला चिरा पाडतात, त्या पट्ट्याच्या मानाने जरा तंगच. त्यातून पट्टा ओढून घेतात आणि काम झालं. खिळा नाही, टाका नाही, चिकटवायला काही नाही. रबरच पट्ट्याला आवळून धरतं. वाटेत पट्टा निसटला तर पुन्हा ओढून बसवायचा आणि चालू लागायचं. जो ताठरपणा भंगारात नकोसा होता, तोच इथे खिळ्याचं काम करतो.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण सारखे वितळवायलाच बसतो. "मामांनी एवढं खुसपट काढणं सोडलं पाहिजे," असं घरात वर्षानुवर्षं बोललं जातं. मामा काही सोडत नाहीत. साठी उलटलेला माणूस कशाला सोडेल? त्यापेक्षा लग्नपत्रिकेचं प्रूफ त्यांच्या हातात द्यावं. घरातल्या सगळ्यांनी वाचून 'छान आहे' म्हटलेल्या मजकुरात तारीख आणि वार जुळत नाहीत, हे त्यांनाच दिसेल. ऑफिसातही प्रत्येक कागदावर शंका काढणारं कुणीतरी असतंच. आज साहेबांकडे जायचा अहवाल आधी त्यांच्या टेबलावर ठेवून बघा. "जरा नजर टाकता का?" एवढंच म्हणायचं. ते पहिल्या पानावरच अडतील, तोंड वाकडं करतील, दोन आकडे पुन्हा तपासायला लावतील. तपासावेत. आणि मामांना प्रूफ देताना सोबत लाल पेनही द्यावं, नाहीतर ते त्यावरूनही बोलतील.