विष कुठे असतं?

छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला वडाचं बी फोडायला लावतो. आत काय दिसतं? काहीच नाही. त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच वड उभा राहिला, असं बाप मुलाला समजावतो.

वडाच्या बियात काही दिसलं नाही; ज्वारीच्या दाण्याच्या आत मात्र आता लेसरने बघता येतं. अंकुरलेल्या दाण्याचा पातळ काप, त्यावर रसायनाचा लेप. लेसर ठिपक्या-ठिपक्यावर पडतो, रेणू उडतात, त्यांचं वजन होतं आणि कोणता रेणू कुठे आहे याचा नकाशा तयार होतो. लेसरने मोठे रेणू शाबूत उडवून दाखवल्याबद्दल कोइची तनाका यांना २००२चं नोबेल विभागून मिळालं.

या नकाशात ज्वारीतला धुरिन नावाचा रेणू दिसतो, रेणुभार ३११. कोवळं पान चावलं की धुरिनमधून सायनाइड सुटतं आणि जनावर दगावू शकतं. पिकल्या दाण्याची भाकर मात्र मराठवाडा पोसते.

मग विष हा ज्वारीचा स्वभाव की अवस्था? पुरावा अवस्थेकडे झुकतो. कोरड्या दाण्यात धुरिन नगण्य, अंकुरात भरपूर. धुरिनमधला नायट्रोजन रोप पुढे वाढीला वापरू शकतं. एकाच पदार्थाला विष किंवा अन्न ठरवतो तो खाणारा आणि खाण्याची वेळ. द्रव्याला स्थिर गुण चिकटवणाऱ्या प्रत्येक दर्शनाला या दाण्याशी वाद घालावा लागेल.