पट्टी बंद करून

जुलै 2025मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. कोनेरू हंपी विरुद्ध आमच्या शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. 28 तारखेला रॅपिडचा पहिला डावही बरोबरीत. दुसरा दिव्याने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. वर्ध्यात घरी बसून तो डाव मी पुन्हा पुन्हा लावून पाहिला आणि दर वेळी एकाच प्रश्नाशी अडलो: आपण ‘चूक’ म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो?

स्क्रीनच्या कडेला इंजिनची पट्टी असते. ती खाली घसरली, की दिव्याच्या जन्माआधी तीन वर्षं ग्रँडमास्टर झालेल्या हंपीच्या खेळीला मी चहा पिता पिता प्रश्नचिन्ह देऊन मोकळा होतो. मला निकाल ठाऊक असतो, वेळ हवा तेवढा असतो, आणि चुकलो तरी माझं काही जात नाही. पटासमोर बसलेल्या तिला यातलं काहीच मिळालेलं नव्हतं. शिवाय नोंदीत खेळलेल्या खेळी उतरतात; विचार करून सोडून दिलेल्या उतरत नाहीत.

मग चूक नसतेच का? असते. पण खेळी वाईट ठरणं वेगळं आणि खेळणाऱ्याला दोष देणं वेगळं. पहिल्यासाठी इंजिन पुरतं. दुसऱ्यासाठी, त्या क्षणी, तेवढ्या वेळात काय दिसू शकत होतं, हे पाहावं लागतं. कौतुकालाही हेच लागू. चुकून लागू पडलेल्या खेळीला आपण सहज दूरदृष्टी म्हणतो.

आमच्याकडे कपाशीच्या हंगामात हे पाहायला मिळतं. पहिल्या पावसावर लागवड केली आणि पावसानं दडी मारली, की दुबार पेरणी. बियाण्याचा खर्च पुन्हा, कर्ज पुन्हा. वर पारावरचे लोक म्हणतात, ‘घाई केली.’ पाऊस लागून राहिला असता, तर तोच माणूस हुशार ठरला असता. जमिनीत पुरेशी ओल नसताना पेरलं असेल, तर दोष देता येईल. ओल पाहून पेरलं असेल, तर कशाचा दोष?

हल्ली मी डाव लावताना आधी इंजिन बंद ठेवतो. पुढची खेळी झाकतो, घड्याळ लावतो आणि स्वतःची खेळी कागदावर लिहितो. पट्टी शेवटी उघडतो. तोवर दोष द्यायची घाई बरीच ओसरलेली असते.