रोजच्यापुरता ओमर

मननासाठी शास्त्रभाग : निर्गम १६:१३-२१; कलस्सै. २:२०-२३



गेल्या पावसाळ्यात पेडणे तालुक्यातील एका घरी आमची प्रार्थनासभा होती. सभा संपल्यावर चहा व खाणे आले. संडेस्कूलमध्ये शिकवणाऱ्या एका भगिनीने बशी हळूच बाजूला सारली. निघताना ती आम्हांला म्हणाली, "भाऊ, तीन आठवडे भाताला शिवले नव्हते. काल रात्री सगळी निजल्यावर पातेल्यातला गार भात उभ्यानेच खाल्ला, लोणच्याबरोबर, पोट दुखेपर्यंत. आता रविवारी मुलांना आत्मसंयमाचा धडा कोणत्या तोंडाने देऊ? माझ्या जागी दुसरे कोणीतरी पाहा." तिच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत.

आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते, कारण आम्ही स्वतः त्याच वाटेचे प्रवासी. आमचे वजन ब्याण्णव किलोवर गेले होते, आणि साखर वाढू लागली आहे असे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही आवेशाने भात, मासळीचे हुमण, पाव, गोड, सारे एकदम बंद केले. दीड महिन्यात पाच किलो उतरले. मंडळीने कौतुक केले. ख्रिस्तजयंतीला नेवऱ्यांचा डबा उघडला आणि फेब्रुवारीपर्यंत सहा किलो परत आले. पाचाचे सहा झाले आणि वर लाज.

ही गोष्ट दोघांचीच नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात शेकडा ११.४ असताना गोव्यात ते शेकडा २६.४ आढळले. सर्व राज्यांत हे सर्वांत अधिक. डिचोलीत ज्यांचे वाडवडील शेतात लावणी करीत, त्यांतले कितीतरी आज ट्रकच्या सीटवर, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा कचेरीत बसतात. मये-साखळीची वाट पायी तुडवणारे आता स्कूटरवर जातात. काम बदलले, पण ताटातील भाताचा ढीग लावणी करणाऱ्याचाच राहिला. ह्यात कोणाचे पाप शोधण्याआधी एवढे तरी पाहावे.

नियम कडक, बळ थोडे

कलस्सैकरांस लिहिताना पौल अशा नियमांविषयी बोलतो की ज्यांत शिवू नको, चाखू नको एवढेच असते. असे नियम दिसायला शहाणपणाचे असतात, पण देहाची हाव आवरण्याच्या कामी येत नाहीत, असे तो म्हणतो. पौल तेथे खोट्या शिक्षणाविषयी बोलत आहे, वजनाविषयी नाही, हे खरे. तरी माणसाचा स्वभाव त्याने अचूक ओळखला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. धर्मश्रद्धेमुळे शस्त्र हाती न घेणारे छत्तीस निरोगी तरुण त्यासाठी स्वखुशीने पुढे आले. त्यांत शांतिवादी मंडळ्यांचे सभासद पुष्कळ होते. युद्धात उपाशी राहिलेल्यांना पुन्हा कसे उभे करावे, हे शोधून काढायचे होते. चोवीस आठवडे त्यांचे अन्न जवळजवळ निम्म्यावर आणले. वजन सुमारे चौथाईने घटले. पण त्याबरोबर हे धार्मिक, निश्चयी तरुण रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले. कोणी पाककृतींची पुस्तके वाचीत बसे, कोणी ताट चाटून पुसून काढी. पुढे अन्न मोकळे झाल्यावर काहींना कितीही खाल्ले तरी तृप्ती होईना.

वाचकहो, इतर सुखांचा त्याग करून आलेल्या ह्या तरुणांची ही गत, तर दिवसभर चूल सांभाळणाऱ्या आमच्या भगिनीने रात्री पातेले उघडले ह्यात नवल ते काय? देवाने शरीर असे घडविले आहे की ते उपासमारीला ओळखते व तिच्याविरुद्ध झगडते. तिचा निश्चय कच्चा नव्हता. नियमच उपासमारीचा होता.

मान्नाचे माप

आता रानाकडे वळू. इस्राएल लोक मिसराच्या मांसाच्या भांड्यांची आठवण काढून कुरकुर करीत होते. परमेश्वराने त्यांना उपाशी ठेवून शिक्षा केली नाही. त्याने अन्न दिले आणि अन्नाबरोबर माप दिले. माणशी एक ओमर, ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे, आणि तेही रोजच्या रोज. ज्याने फार गोळा केले त्याचे उरले नाही, ज्याने थोडे केले त्याला उणे पडले नाही. काहींनी मात्र उद्या मिळेल न मिळेल ह्या भीतीने सकाळपर्यंत राखून ठेवले, तेव्हा त्यात किडे पडले.

"उद्यापासून बंद" असे म्हणणारा आम्ही प्रत्येक जण त्या भिणाऱ्या इस्राएलाचा भाऊ आहे. उद्या मिळणार नाही म्हणून आज रात्रीच पोटात साठवण करतो. परंतु भात उद्याही मिळणार आहे हे ज्याला ठाऊक, त्याला आज दोन वाढींवर थांबता येते. म्हणून बंदी सोडून मापाकडे यावे, हा आमच्या बोलण्याचा मथितार्थ आहे.

चुलीजवळच्या चार गोष्टी

पहिली, ताटाचा क्रम बदलावा. आधी अर्धे ताट भाजीने भरावे. मग मासळी, अळसांदे किंवा कुळीथ घ्यावे, आणि भात शेवटी एका ठरलेल्या वाटीने. तोच भात, तेच हुमण. खोबऱ्याचे वाटप थोडे कमी. परके अन्न आणून कोणी वर्षभर टिकत नाही.

दुसरी, जेवण चुकवू नये. सकाळी अकराची पेज टाळणारा चार वाजता हॉटेलात पाव-भाजी आणि मिरच्यांच्या भज्यांपुढे शरण जातो. पेजेची एक वाटी, जोडीला उसळ, ही त्याहून स्वस्त व शहाणी.

तिसरी, जे पितो ते मोजावे. दोन-दोन चमचे साखरेचे पाच कप चहा म्हणजे दिवसाची चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. बाटलीबंद पेये आणि बिअर ह्यांचा हिशेब वेगळा. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी केला तर जीभ कुरकुर न करता वळते, हा आमचा अनुभव.

चौथी, ध्येय लहान ठेवावे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोकांवर एक अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजनाचा केवळ शेकडा सात भाग उतरविणे व आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे एवढेच लक्ष्य होते. ह्या मार्गाने जाणाऱ्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा ५८ ने घटले. ब्याण्णव किलोच्या माणसाला हे साडेसहा किलो होतात. तीस किलो नव्हेत!

मात्र जे साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नये. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतते. तसेच कोणी वरचेवर लपून अतोनात खात असेल, अथवा खाऊन मुद्दाम ओकत असेल, तर त्याला उपदेश पुरे करून प्रेमाने डॉक्टरांकडे न्यावे. तो आजार आहे.

शिक्षकबंधुभगिनींस

वर्गात कोणा मुलाला जाड्या किंवा काडी म्हणू नका, दुसरे म्हणत असतील तर थांबवा. वचन पाठ केल्याचे बक्षीस दर वेळी चॉकलेटच कशाला? शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर हा धडा देताना, मंदिराची लाज धरायची नसते, त्याची निगा राखायची असते, हे आधी सांगा. एलीया थकून मरण मागत होता तेव्हा दूताने त्याला प्रथम भाकर दिली, पाणी दिले, निजू दिले. त्याची झडती घेतली नाही.

त्या भगिनीने वर्ग सोडला नाही. ती रात्री सर्वांबरोबर बसून आपल्या वाटीचा भात खाते. आठ महिन्यांत चार किलो उतरले आहेत. आमचे सहा उतरले होते, त्यातला एक ख्रिस्तजयंतीला परत आला. ह्या वेळी आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन बसलो.

प्रार्थना : हे प्रभो, आज पुरेल एवढे आम्हांला दे, आणि ते पुरेल असा विश्वासही दे. काल चुकलो त्याची क्षमा कर. ताटावर बसताना भीती काढून घे, उपकारस्तुती शिकव. आमेन.