संन्याशाची सुटका

सिसिली बेटावर मेसिना नावाचं बंदर आहे. 1882 च्या नाताळाच्या सुमारास इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तिथे बिऱ्हाड करून राहिला होता. ओडेसाची प्राध्यापकी त्याने नुकतीच सोडली होती. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली. हा मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला.

त्या काळी रक्तातल्या पांढऱ्या पेशींची अब्रू काही बरी नव्हती. जखम लाल होते, तापते, सुजते, ठणकते, आणि पू तपासला की त्यात या पेशींचा खच! त्यांच्या पोटात जंतूही सापडत. मग काय, बहुतेक पंडितांनी निवाडा देऊन टाकला: याच पेशी जंतूंना पोटात घालून अंगभर हिंडवतात. मुद्देमालासकट सापडलेल्याचं कोण ऐकून घेतो! चोर सोडून संन्याशाला फाशी.

मेचनिकॉव्हसमोर होत्या तारामाशाच्या अळ्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. त्यांच्या अंगात काही पेशी आपल्या आपण सरपटत होत्या. बाहेरचं काही आत घुसलं, तर या त्याच्यावर धावून जात असतील का? त्याने बागेतल्या गुलाबाचे काटे आणून अळ्यांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे पाहतो तो काय, काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला.

पंडित म्हणत, रक्तवाहिनीची भिंत खराब झाली की या पेशी बाहेर झिरपतात. पण तारामाशाच्या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे झिरपल्या नाहीत, चालून आल्या. आपल्या अंगातही वाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात, ते या पेशींना जखमेपर्यंत वाट मिळावी म्हणून. लाली आणि सूज त्यातूनच येते. (आमवातात याच पेशी घरच्या सांध्यांवर उठतात, तेव्हा प्रत्येक सूज भल्याचीच असं मात्र नाही.)

थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो मेसिनाला आला, त्याने हे सारं पाहिलं. पाठ थोपटली, पण जपून राहा असंही बजावलं, कारण जगाचं मत नेमकं उलट होतं. पुढची कित्येक वर्षं मेचनिकॉव्ह भांडत राहिला.

1908 साली नोबेल मिळालं, तेही अर्धं. दुसरा वाटेकरी पाउल एर्लिख. रोगाशी लढतो तो रक्तातला द्रव, असं मानणाऱ्यांतला बिनीचा माणूस. खरं तर त्या द्रवातली प्रतिपिंडं जंतूला चिकटतात, आणि मग पेशीला तो गिळायला सोपा जातो.